मैत्रिणीच्या वाटेवर लपवायच्या चिठ्ठ्या: आंजर्ले ते रत्नागिरी (सल्ला हवा आहे)

खाडीपलीकडे
१४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. रत्नागिरीला कॉलेजात असताना आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. आता एक नागपुरात आहे, एक मस्कतला आणि मी इथे. नागपूरची मैत्रीण डिसेंबरात नवरा आणि दोन मुलांना घेऊन कोकणात येतेय, लग्नानंतर पहिल्यांदाच. आंजर्ले, हर्णै, दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, मग गुहागर, हेदवी, तवसाळहून पुन्हा बोटीने जयगड, गणपतीपुळे आणि शेवटी रत्नागिरी. नेमकं त्याच आठवड्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलंय. म्हणजे ती माझ्या तालुक्याच्या उंबऱ्यावरून जाईल आणि मी घरात नसेन.

म्हणून मनात आलंय की नोव्हेंबरात एकदा त्याच वाटेने जाऊन तिच्यासाठी चिठ्ठ्या ठेवून यायच्या. एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीची खूण, म्हणजे मुलांनाही शोधायला मजा.

एक प्रयोग आधी फसलाय. मागच्या वर्षी मस्कतवाल्या मैत्रिणीसाठी गुहागरच्या सुरूच्या बनात एका मुळाशी पत्र्याची डबी ठेवली होती. ठेवली मे महिन्यात, ती आली दिवाळीत. झाड सापडलं, डबीही सापडली, पण झाकण गंजून बसलेलं. दगडाने ठोकून उघडली तर आत तपकिरी लगदा. ती फोनवर "असू दे गं" म्हणाली, पण मला फार लागलं ते. दोन पानं लिहिली होती.

तर विचारायचंय हे: कागद टिकवायचा कसा, आणि ठेवायचा कुठे? माझ्या डोक्यात सध्या चार जागा आहेत. आंजर्ल्याच्या पाखाडीशेजारचा गडगा (नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत), गुहागरच्या वाळूत पुरून, हेदवीच्या बामणघळीजवळची कपार (बामणघळ म्हणजे भरतीचं पाणी जिच्यातून उंच उडतं ती खडकातली भेग) आणि जयगडचा किल्ला.

सुरंगीचा_वळेसर
१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

किती छान कल्पना! फोटोच्या रिळाच्या जुन्या काळ्या डब्या मिळाल्या तर बघा. झाकण घट्ट बसतं आणि गंजायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे सुया ठेवायला अजून दोन आहेत, हव्या असतील तर पाठवते.

देवगडचो
१४ ऑक्टोबर, रात्री १०:४८

ताई, गडगा आणि कपार आत्ताच यादीतून काढा. आमच्याकडे ल्हानपणापासून सांगतत, गडग्यात हात घालू नको. तुम्हीही चिपळूणच्या, ऐकलं असेलच, पण नागपूरच्या मुलांना ते कोण सांगणार?

फुरसं कातळावर आणि गडग्याच्या दगडांतच असतं. हातभरही लांब नाही आणि रंग अगदी जांभ्याच्या मातीचा, त्यामुळे दिसतच नाही. डिवचलं की अंगाची वळकटी एकमेकीवर घासून करकर आवाज करतं. पण दगडाआड हात घातलेल्याला तो ऐकू येईपर्यंत वेळ गेलेली असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. तिच्या भरवशावर कुणाला खेळायला पाठवू नये.

दुसरा लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार शोधून काढायच्या आधी या दंशाने हृदयावर ताण येऊन माणसं जायची, त्यात मुलं जास्त. आता माणसं वाचतात, पण कळा त्याच.

माझी विनंती एवढीच: चिठ्ठी अशी ठेवा की ती घेताना हात कुठे जातोय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. कमरेच्या वर, उजेडात, समोर.

खाडीपलीकडे
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

देवगडचो, मनापासून आभार. गडगा लिहिताना मला आमच्या परसातला गडगा दिसत होता. तिथे हात घालायच्या आधी आम्ही काठीने ठोकतो, ही सवय इतकी अंगात मुरलीय की सांगायचं सुचलंच नसतं. गडगा आणि कपार रद्द.

कातळखूण
१५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

किल्लाही रद्द करा, ही माझी कळकळीची विनंती. मी किल्ल्यांवर साफसफाईला जाणाऱ्यांपैकी आहे. तटाच्या सांध्यांतून काढलेल्या वस्तूंनी आमची पोती भरतात: वेफर्सच्या पिशव्या, देवाचे फोटो, नवसाची नाणी, आणि हो, प्रेमाच्या चिठ्ठ्याही. एक चिठ्ठी खुपसायला कुणीतरी सांध्यातली चीप काढतो. मग त्या भोकात पाणी जातं, पिंपळाचं बी पडतं आणि दहा वर्षांनी मुळाने दगड सुटलेला असतो.

आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे आणि नुकसान केलं तर त्यात कैदेची तरतूद आहे. पण कायद्याचं सोडा. सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आपण जपतो. त्याच तटाच्या सांध्यात आपला कागद कोंबायचा?

आणि सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं. उक्षी, बारसू, कशेळी, कुठेही गेलात तरी तिथला एक दगडसुद्धा खूण म्हणून उचलून दुसरीकडे ठेवू नका. ती चित्रं जांभ्यात उथळ कोरलेली आहेत, आणि काही ठिकाणी चित्र कुठे संपतं हे जमिनीवर उभं राहून कळतही नाही. आपण ज्यावर उभे असतो तोच हत्तीचा पाय असतो.

मधल्या_आळीतला
१५ ऑक्टोबर, दुपारी ४:१२

कातळखूण, भावना पोचली. पण एवढासा कागद, तोही दोन महिन्यांसाठी, आणि ही ताई परत नेणार आहे. सगळंच बंद केलं तर मुलं किल्ल्यावर कशाला जातील? चिठ्ठीच्या निमित्ताने तरी दोन मुलं तट नीट निरखतील.

कातळखूण
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

मुलांनी तट निरखावा हेच मलाही हवंय, म्हणून एक सुचवतो. चिठ्ठी किल्ल्यात ठेवू नका, प्रश्न ठेवा. आधीच्या चिठ्ठीत लिहा: "जयगडला बुरूज मोज, खाडीच्या तोंडाकडे बघणारा कितवा ते मला कळव." मुलं मोजतील, उत्तर घेऊन येतील आणि किल्ल्याला कुणाचा हातही लागणार नाही. उत्तर बरोबर आलं तरच पुढची खूण फोनवर सांगायची.

मधल्या_आळीतला
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२५

हे पटलं. माझं म्हणणं मागे घेतो.

नांगर
१६ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

आमची घरची बोट आहे, हर्णैला. कागद आणि खारं पाणी यांची झटापट रोजचीच, म्हणून लिहितो.

डबी पत्र्याची नको. खारा वारा पत्रा खातो, समुद्रापासून लांब ठेवली तरी. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि झाकणाच्या सांध्यावर ताणून दोन वेढे द्या. आत औषधाच्या बाटलीत येते ती दमट हवा शोषणारी पुडी टाका. आणि बरणी भर उन्हाच्या कोरड्या वेळी बंद करा. संध्याकाळी बंद केली तर दमट हवाच आत कोंडली जाते आणि रात्री गारव्याने तिचं पाणी होतं. तुमच्या डबीत पाऊस शिरला असेलच, पण आतलं दवही कागदाला पुरेसं असतं. लिहायचं पेन्सिलीने. शाई पसरते, शिसं पसरत नाही.

आता वाळूत पुरायचं, त्याबद्दल. एक तर सापडणार नाही, कारण पुळण दर उधाणाला हलते. दुसरं म्हणजे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि ती भरतीच्या रेषेच्या वरच, म्हणजे तुम्ही जिथे खणणार तिथेच खणतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे संवर्धन सुरू केलं, तुम्हाला माहीत असेलच. त्या पट्ट्यात फावडं लावू नका.

अजून एक. जेटीवर, धक्क्यावर, स्टेशनवर बंद डबा ठेवू नका. १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर, शेखाडीला, स्फोटकं उतरली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला वाहून आलेल्या बोटीत रायफली सापडल्या आणि सगळ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली. बेवारस डबा दिसला की आम्ही पोलिसांना कळवतो आणि कळवलंच पाहिजे. तुमच्या मैत्रिणीच्या चिठ्ठीसाठी बंदर रिकामं करायची वेळ यायला नको.

पत्रपेटी
१६ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

मी सध्या इंग्लंडमध्ये, डार्टमूरपासून तासाभरावर राहते. हा छंद इथे फार जुना आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवळणाच्या दलदलीपाशी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचलेल्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि पुढचा येणारा ती घेऊन जवळच्या गावातून टपालात टाकायचा. आपलं कार्ड घरी कधी पोचेल ते माणसाला माहीत नाही. त्याच्यामागून त्या दलदलीत कुणी तरी चालत जाईल तेव्हा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीशी बसून होते.

आता तिथे डब्यांत रबरी शिक्के असतात. प्रत्येकाचा स्वतःचा शिक्का आणि वही असते. डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. मुलांना हे फार आवडतं. खोडरबरावर साध्या पात्याने कोरता येतो.

उपग्रहांवरून जागा शोधायचा खेळ त्यामानाने अलीकडचा. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथेही नियम आपल्यासारखेच आहेत: जागेच्या मालकाला विचारायचं, खाऊ ठेवायचा नाही कारण जनावरं उकरतात, आणि ज्याने ठेवलं त्याने उचलायचं.

खाडीपलीकडे
१७ ऑक्टोबर, रात्री ११:३०

नांगर, तुमचं पेन्सिलीचं वाक्य वाचलं आणि उठून कपाट उघडलं. का ते सांगते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावर डोक्याच्या वर पाणी होतं. या दोघींची वीसएक वर्षांची पत्रं एका ट्रंकेत होती, ट्रंक खाटेखाली. चार दिवसांनी चिखलातून काढली. पानन् पान सुटं करून गच्चीवर वाळत घातलं. शाईची सगळी कोरी झाली होती, नुसती निळसर पानं. वाचता आली ती फक्त चार, आणि ती चारही पेन्सिलीने लिहिलेली होती. नागपूरवाली प्रॅक्टिकलच्या तासाला मागच्या बाकावर बसून जर्नलच्या पेन्सिलीने लिहायची ती. मी इतकी वर्षं समजत होते की योगायोगाने वाचली.

हा सगळा खटाटोप मी का करतेय, हेही त्या ट्रंकेमुळेच आहे बहुतेक. तिला अजून सांगितलेलं नाही की पत्रं गेली.

ओसरीवरची
१८ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

खाडीपलीकडे, तुझं वाचून आमच्या गावच्या घराची आठवण आली.

राजापूर तालुक्यात आमचं घर. वर्षातले दहा महिने बंद. बाबा आणि तिघे काका मुंबईला, चौघांच्या सुट्ट्या कधीच जुळायच्या नाहीत. एक शिमग्याला, एक मे महिन्यात, दोन गणपतीला. जाणारा येणाऱ्यासाठी तांदळाच्या डब्यात चिठ्ठी ठेवून जायचा. डबाच का, तर पहिल्या दिवशी भात लावायला तो उघडावाच लागतो, आणि तांदळात कागद कोरडा राहतो. मजकूर असा: "रहाटाचा दोर नवा आणलाय, माळ्यावर आहे. पाठच्या पडवीचं तिसरं कौल गळतं. शेजारच्या वहिनींचे चाळीस रुपये द्यायचे राहिले, ते दे. फणस यंदा बरका निघाला."

मोठे काका गेले तेव्हा तेराव्याला आम्ही सगळे एकदमच त्या घरात होतो. आईने भाताला डबा उघडला. त्यात त्यांची मे महिन्यातली चिठ्ठी होती. "पायरीचं कलम लावलंय विहिरीपाशी. पाणी घालायला कुणाला तरी सांगा." बाबांनी ती चिठ्ठी खिशात ठेवली आणि तसेच उठून विहिरीवर गेले.

त्या कलमाला आता आंबे लागतात. सांगायचा मुद्दा असा की आमच्या चिठ्ठ्या कधी लपवलेल्या नव्हत्या. ज्याच्यासाठी आहे त्याचाच हात जिथे जाणार तिथे त्या असायच्या.

देवगडचो
१८ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

खाडीपलीकडे
२३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

ठेवून आले! नवऱ्याबरोबर दोन दिवस फिरले. तुमच्या सगळ्यांच्या सूचनांनी बेत पार बदलला. जमिनीत, दगडात, झाडात काहीही ठेवलं नाही. चिठ्ठ्या माणसांकडे ठेवल्या.

आंजर्ल्याला ती ज्या घरी उतरणार आहे तिथल्या काकूंकडे पहिली. त्या म्हणाल्या, "मी हातात देणार नाही, आंबोळ्यांच्या ताटाखाली ठेवीन." त्यात लिहिलंय की कड्यावरच्या गणपतीहून सुवर्णदुर्ग बघ, आणि चारच्या आत हर्णैला पोच, मुलांना माशांचा लिलाव दाखव. दुसरी तिच्या नवऱ्याकडे कुरिअरने गेलीय, "दाभोळहून बोट सुटल्यावर दे" असं पाकिटावर लिहून. गुहागरला चिठ्ठी नाही, तिथे ती दमलेली असेल.

हेदवीच्या चिठ्ठीसाठी मी सगळ्यात जास्त विचार केला. बामणघळ ती ओहोटीला बघून गेली तर नुसती भेग दिसेल. तिने भरतीलाच पोचायला हवं, म्हणून माझ्या आजोबांचं गणित घातलं: तिथीची तीनपट करायची आणि चाराने भागायचं, म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. ती तिथे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असेल. वद्य प्रतिपदा, म्हणजे एक त्रिक तीन भागिले चार, पाऊण. दुपारी पाऊण वाजता. मुलांना फक्त कोडं दिलंय, उत्तर दिलेलं नाही. उमा-महेश्वराच्या देवळापासूनच बघायचं, घळीच्या काठावर जायचं नाही, हे मात्र ठळक लिहिलंय. आणि जवळच सरबत विकणाऱ्या काकींना सांगून ठेवलंय की पाऊण ते सव्वाच्या मध्ये मुलं आली तरच बरणी द्यायची.

काकींनी विचारलं, "आणि उशीर झाला तर?" मी म्हटलं, तरी द्या. त्या म्हणाल्या, "मग आधीच तसं सांगायचंस."

जयगडला कातळखूण यांचा प्रश्न. रत्नागिरीची शेवटची आमच्या जुन्या घरमालकीणबाईंकडे आहे. त्यांना आता कमी दिसतं, पण आम्ही तिघी कुठे बसून चहा प्यायचो ते त्यांनी न विचारता सांगितलं.

सगळं पेन्सिलीने लिहिलंय.

नांगर
२४ नोव्हेंबर, पहाटे ५:१५

गणित बरोबर आहे. आमच्याकडे अजून तेच वापरतात. उधाण पौर्णिमेच्या पुढे एक-दोन दिवस जास्त असतं, म्हणजे दिवसही चांगला धरलात.

खाडीपलीकडे
६ जानेवारी, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय, क्षमस्व. आई आता काठी घेऊन चालते.

आंबोळ्यांखालची सापडली, थोडी तेलकट होऊन. हर्णैचा लिलाव हुकला, रस्त्यात मुलाला उलटी झाली. हेदवीला धाकटीने भागाकार केला आणि ती मंडळी साडेबारालाच जाऊन बसली. पाणी उडालं, मी पावसाळ्यात पाहिलंय तितकं नाही, पण मुलांच्या अंगावर तुषार आले म्हणे. जयगडच्या उत्तरावरून भावंडांचं भांडण झालं आणि दोघांनी दोन वेगवेगळे आकडे मला फोनवर सांगितले. मी दोन्ही मान्य केले. कातळखूण, यासाठी रागावू नका.

रत्नागिरीच्या चिठ्ठीपर्यंत ती गेलीच नाही. घरमालकीणबाईंनी दारातच तिला जवळ घेतलं आणि मग चिठ्ठी दोघीही विसरल्या. ती अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

बोटीवरची तिने एकटीने कठड्याशी उभं राहून वाचली, तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. त्यात मी लिहिलं होतं: "तुझ्याखाली आत्ता वाशिष्ठी आहे. हे पाणी चिपळूणवरून, माझ्या घराच्या मागून आलंय. तुझी पत्रं याच पाण्याने नेली. चार उरलीत. मला पुन्हा लिहायला लाग." तिने मला लगेच फोन केला नाही. नागपूरला पोचल्यावर सहा दिवसांनी पाकीट आलं, तीन पानं, पेन्सिलीने.

शेवटच्या ओळीत लिहिलंय की परतताना तिने माझ्यासाठी धोपाव्याला एक ठेवलीय, कुणाकडे ते सांगणार नाही. खूण एवढीच: "दशमीला ओहोटीच्या वेळी जा, तो माणूस तेव्हाच किनाऱ्यावर असतो."

दशमी म्हणजे दहा त्रिक तीस भागिले चार, साडेसात. भरती साडेसातला, तर ओहोटी दीडच्या सुमारास. येत्या रविवारी दशमी आहे. दुपारी बाराला निघतेय.